सही फुकट असते, बाग नव्हे

एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला परवा गेलो होतो. रांगेत माझ्या पुढचे गृहस्थ तिकीट खिडकीवरच्या मुलीशी हुज्जत घालत होते. ‘झाडंच बघायची ना? मग पैसे कसले?’ शेवटी कुरकुरत तिकिटे काढली आणि आत गेल्यावर सहकुटुंब भेळ खाल्ली. भेळवाल्याला त्यांनी भाव विचारल्याचेही दिसले नाही.

काही वर्षांपूर्वी याच बागेची दहाएक एकर जागा सरकारी अधिकाऱ्यांच्या निवासस्थानांसाठी घेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा आपण सगळे खवळलो होतो. सह्या केल्या, वर्तमानपत्रांना पत्रे लिहिली. बाग शाबूत राहिली आणि आपण घरी गेलो. सही करणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यानंतर बागेला तिकिटापलीकडे दहा रुपये दिले? मी दिलेले नाहीत. त्या गृहस्थांना मनातल्या मनात नावे ठेवताना हेच आठवले आणि चरफडत घरी आलो.

‘सरकारने द्यावेत, आम्ही कर भरतो’ हे उत्तर मला पाठ आहे. पण ३९ एकरांची ही बाग सरकारी खाते किंवा महापालिका चालवत नाही. शतकाहून अधिक काळ ती ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया सांभाळते आहे. आणि पैसे सरकारचे आले की पाठोपाठ सरकारची मोजपट्टीही येते, हे आपण पाहिले आहे. ज्याची वर्गणी, त्याचा मांडव. गणपतीत हे पुणेकरांना कुणी शिकवावे लागत नाही.

अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. त्याच हिशेबाने पाहा. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिका हद्दीची लोकसंख्या ३१ लाखांवर होती. माणशी महिन्याला एक रुपया धरला, तर वर्षाला पावणेचार कोटींच्या आसपास जमतात. दहातल्या एकानेच दिला तरी ३७ लाख! एक रुपया. रस्त्यावर पडलेला दिसला तर आपण वाकून उचलतही नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची जमीन तिथल्या शहराची, पण १९८० साली स्थापन झालेली नागरिकांची संस्था ते सांभाळते आणि तिचा बराचसा खर्च देणग्यांतून भागतो. तिथे धनाढ्य लोक राहतात, हे मान्य. पण आपल्याकडेही गरीब माणसे काही कोट्यवधींचे फ्लॅट घेत नाहीत.

मात्र लोकांनी पैसे दिले, तर जमाखर्चाचा फळा प्रवेशद्वारापाशी लागला पाहिजे. माळ्यांच्या पगारावर किती, पाण्यावर किती, सुकलेल्या फांद्या उतरवायला किती, हे मराठीत, ठळक अक्षरांत. शेवटच्या खर्चाकडे तर कुणाचे लक्षच नसते. फांदी डोक्यात पडली की मग आपण पुन्हा पत्र लिहितो.

आणि कृपा करून देणगीदारांची नावे झाडांवर ठोकू नका. या शहरात बसथांब्यापासून बाकापर्यंत एक वस्तू अशी उरलेली नाही, जी कुणाच्या तरी ‘संकल्पनेतून’ साकारलेली नाही. आमच्या गल्लीतल्या बाकाची एक फळी तुटून दोन वर्षे झाली. त्यावरचे माननीयांचे नाव मात्र अजून कोरे करकरीत आहे. फळी कुणाच्या संकल्पनेतून बसणार, एवढे तरी कळवा.

शाळेच्या सहलीबरोबर या बागेत पहिल्यांदा गेलो, त्याला आता पन्नास वर्षे झाली. महिन्याला एक रुपया याप्रमाणे माझी थकबाकी सहाशे रुपये होते. या आठवड्यात जाऊन ती भरणार आहे. पावती घेईन, नाव लावू नका म्हणेन.

– एक ज्येष्ठ नागरिक, वानवडी, पुणे