जुने गेम, नवे कन्सोल

प्लेस्टेशन २ (२०००) वर पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क चालत. २००६ साली प्लेस्टेशन ३च्या पहिल्या मॉडेलांत सोनीने मागच्या यंत्राच्या चिपच बसवल्या. पुढे खर्च कमी करताना त्या काढल्या. प्लेस्टेशन ४ने तर आधीच्या पिढीची डिस्क स्वीकारलीच नाही. प्लेस्टेशन ३च्या ‘सेल’ प्रोसेसरसाठी लिहिलेले गेम प्लेस्टेशन ४च्या वेगळ्या रचनेवर चालवणे अवघड होते.

मायक्रोसॉफ्टने मात्र २०१५मध्ये एक्सबॉक्स ३६०चे निवडक गेम सॉफ्टवेअरच्या बळावर एक्सबॉक्स वनवर आणले. म्हणजे वाट निघते, पण त्यासाठी कंपनीची इच्छा लागते.

हा विषय आत्ताच का? मार्च २०२३मध्ये निन्टेन्डोने वी यू आणि थ्रीडीएसच्या ऑनलाइन दुकानांतली विक्री थांबवली. त्याच वर्षी व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या अभ्यासात दिसले, की अमेरिकेत २०१०पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात मिळत नव्हते.

पैसे मोजून घेतलेला गेम यंत्र बदलले म्हणून हातचा जाऊ नये, असे आम्हाला ठामपणे वाटते. म्हणूनच या अंकात तंत्र, हक्क आणि जतन अशा तिन्ही बाजूंनी या प्रश्नाकडे पाहिले आहे. तुमचा कोणता गेम नव्या कन्सोलवर यायलाच हवा? आम्हाला जरूर लिहा.