मत ‘वाया’ जाते म्हणजे नेमके काय होते?

‘मत वाया घालवू नका’ हा सल्ला चेन्नईत दर निवडणुकीला ऐकू येतो. १९६७ नंतर अर्धशतकाहून अधिक काळ तमिळनाडूची सत्ता द्रमुक आणि अण्णाद्रमुक या दोनच पक्षांत फिरत राहिली. तेव्हा तिसऱ्याला मत देणे म्हणजे समुद्रात मीठ टाकणे, असे माझे सुशिक्षित शेजारीही म्हणतात. निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून मतमोजणीच्या टेबलांमागे बसत असताना माझेही मत याहून वेगळे नव्हते. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळालेल्या उमेदवारांच्या अनामत रकमा जप्त झाल्याची नोंद मी निर्विकारपणे करीत असे.

माझे मत बदलले ते एका कायद्यामुळे, आणि त्या कायद्याखाली मीच केलेल्या एका स्वाक्षरीमुळे.

१९८२ साली, एम. जी. रामचंद्रन मुख्यमंत्री असताना, तमिळनाडूने प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा केला. येथे तो ‘गुंडा कायदा’ म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्रातील वाचकांना त्याचे भावंड परिचित आहे: १९८१चा एमपीडीए. या कायद्याखाली खटला न चालवता एखाद्याला बारा महिन्यांपर्यंत तुरुंगात ठेवता येते. आदेश न्यायाधीश काढीत नाही. तो जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त काढतो. जिल्हाधिकारी असताना असे आदेश मीही काढले. त्यांतला एक उच्च न्यायालयाने रद्द केला, कारण स्थानबद्धतेची कारणे त्या माणसाला कळेल अशा भाषेत दिलीच गेली नव्हती. निकाल लागेपर्यंत त्याचे कित्येक महिने तुरुंगात गेले होते. संचिका नीट न वाचता सही करणारा मी होतो. मला कोणी जाब विचारला नाही. पुढे माझी बढतीच झाली.

हातभट्टीवाले आणि झोपडपट्टीदादा यांच्यासाठी केलेल्या या कायद्याची यादी पुढे वाढत गेली. २००४ मध्ये चित्रफितींची चोरटी नक्कल करणारे त्यात आले, २०१४ मध्ये सायबर व लैंगिक गुन्हेगार आले. मे २०१७ मध्ये अण्णाद्रमुकच्या राजवटीत, श्रीलंकेत मारल्या गेलेल्या तमिळांसाठी मरीना किनाऱ्यावर स्मरणसभा घेऊ पाहणारे कार्यकर्ते तिरुमुरुगन गांधी याच कायद्याखाली स्थानबद्ध झाले; सप्टेंबरमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये द्रमुकच्या राजवटीत, तिरुवण्णामलै जिल्ह्यातील मेल्मा येथे औद्योगिक वसाहतीसाठी जमीन देण्यास विरोध करणाऱ्या सात शेतकऱ्यांवर हेच कलम लागले. ओरड झाल्यावर त्यांपैकी सहा जणांवरचे आदेश मागे घेतले गेले. भाषा, आरक्षण, केंद्राशी संबंध यांवर हाडवैर असलेले दोन पक्ष या एका प्रश्नावर एकमताचे आहेत. ज्याला नागरिकाचे स्वातंत्र्य महत्त्वाचे वाटते, त्याने या दोघांतून निवड कशाच्या आधारावर करावी?

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला याचे उत्तर याच शहरात सापडते. काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने जानेवारी १९५९ मध्ये सहकारी शेतीचा ठराव केला आणि त्याच वर्षी जूनमध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, राजाजींनी मद्रासमध्ये स्वतंत्र पक्षाची घोषणा केली. परमिट आणि परवान्यांच्या राज्याला विरोध करणाऱ्या या पक्षाने १९६२ मध्ये लोकसभेच्या १८ जागा जिंकल्या, १९६७ मध्ये ४४ जागा जिंकून तो सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला, १९७१ मध्ये आठवर आला आणि १९७४ मध्ये भारतीय लोकदलात विलीन झाला. सत्तेच्या हिशेबाने ती सारी मते वाया गेली. पण १९६७ मध्ये याच पक्षाचे मिनू मसानी संसदेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्ष झाले. विरोधी बाकांवरील सदस्याकडे हे पद जाण्याची ती पहिलीच वेळ. पुढे तो संकेतच झाला. सरकारी खर्चाची तपासणी विरोधकांच्या हाती असावी, ही आज गृहीत धरलेली गोष्ट रूढ झाली तेव्हा सर्वांत मोठा विरोधी गट त्या ‘वाया’ गेलेल्या मतांवरच निवडून आलेला होता.

राजाजींना देव्हाऱ्यात बसवण्याचा माझा हेतू नाही. १९३७ मध्ये मद्रास प्रांताचे पंतप्रधान झाल्यावर त्यांनी शाळांत हिंदी सक्तीची केली आणि विरोध करणाऱ्या हजारावर लोकांना तुरुंगात टाकले. दारूबंदीचा आग्रह तर त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. स्वातंत्र्यवादी मतदाराला निर्दोष उमेदवार मिळत नसतो. नेमके कोणते बंधन तो सैल करू पाहतो, एवढेच विचारता येते.

‘वाया’च्या युक्तिवादात तथ्य नाही असेही नाही. आपल्या पद्धतीत सर्वाधिक मतांचा एकच जिंकतो. २००६ मध्ये विजयकांत यांच्या पक्षाला राज्यभर सुमारे आठ टक्के मते मिळाली आणि जागा मिळाली एक. लढत अटीतटीची असेल आणि दोघांतला एक उघडच अधिक घातक असेल, तर तिसऱ्याला दिलेले मत त्यालाच निवडून आणू शकते. अशा वेळी कमी वाईटाची निवड करणाऱ्याला मी भित्रा म्हणणार नाही. पण हिशेब राज्याचा नव्हे, आपल्या मतदारसंघाचा मांडावा. २०२१ मध्ये कमल हासन यांच्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. तरी कोईंबतूर दक्षिणमध्ये ते स्वतः दुसऱ्या क्रमांकावर होते आणि अवघ्या १,७२८ मतांनी हरले. तिथे ‘तिसरा’ उमेदवार काँग्रेसचा निघाला.

दुसरा धोका म्हणजे तिसरेपणालाच गुण समजणे. तिसरा पक्ष दोघांहून अधिक असहिष्णू असू शकतो. म्हणून घोषणा बाजूला ठेवून मी उमेदवाराला तीन प्रश्न विचारतो. खटल्याविना तुरुंगाच्या कायद्याबद्दल तुमचे मत काय? तुमच्या विरोधकाला तो लावला, तरी तेच मत राहील का? सभागृहात एकटे पडलात, तरी विरोध नोंदवाल का?

तिसरा प्रश्न काल्पनिक नाही. १० जुलै २०२५ रोजी महाराष्ट्र विधानसभेत विशेष जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानाने संमत झाले, तेव्हा विरोध नोंदवला तो डहाणूचे विनोद निकोले या मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या एकट्या आमदाराने. त्यांच्या आर्थिक विचारांशी माझे जमणार नाही; राजाजींचे तर मुळीच जमले नसते. पण त्या दिवशी २८८ जणांच्या सभागृहात नागरिकाच्या बाजूचा विरोध कामकाजात उमटला तो डहाणूच्या मतदारांमुळे. त्या मतांना वाया गेलेली कोण म्हणेल?

निवृत्तीनंतर मी तिसऱ्या उमेदवाराला मत देत आलो आहे, आणि त्याची अनामत प्रत्येक वेळी जप्त झाली आहे. तरीही मतदान केंद्राबाहेर पडताना मला त्या रद्द झालेल्या आदेशाची आठवण होते. त्या माणसाला तुरुंगात पाठवणारा कायदा एका पक्षाने केला, दुसऱ्याने जपला, आणि अंमल मी केला. पुन्हा त्या दोघांपैकी एकाला मत देऊन ती सही नव्याने करण्याची माझी तयारी नाही.

(लेखक तमिळनाडूतील निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)