खासगीपणाचा हक्क कोणाचा?

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याच्या घटनेत १९८० साली मतदारांनी एक कलम समाविष्ट केले. प्रत्येक नैसर्गिक व्यक्तीला आपले खासगी जीवन शासनाच्या हस्तक्षेपावाचून जगण्याचा हक्क आहे, असा त्या कलमाचा आशय. चाळीस वर्षांनंतर, करोनाची साथ ऐन भरात असताना, याच कलमाचा आधार घेऊन त्या राज्याचे एक आमदार न्यायालयात गेले. रिपब्लिकन पक्षाचे अँथनी सबातिनी हे व्यवसायाने वकील. २०२० च्या उन्हाळ्यात लिऑन काउंटीसह अनेक स्थानिक संस्थांनी दुकाने व इतर बंदिस्त जागांत मुखपट्टीची सक्ती केली, तेव्हा त्यांनी तिच्याविरुद्ध एकामागून एक दावे गुदरले. माणसाने तोंड झाकावे की नाही हे सांगणे म्हणजे त्याच्या खासगी जीवनावर आक्रमण होय, अशी त्यांची भूमिका. लिऑनच्या दाव्यात जुलै २०२० मध्ये न्यायाधीश जॉन कूपर यांनी काउंटीच्या बाजूने कौल दिला. जानेवारी २०२१ मध्ये एका अपील न्यायालयाने पाम बीच काउंटीची सक्ती उचलून धरली. जूनमध्ये दुसऱ्या अपील न्यायालयाने अलाचुआ काउंटीच्या प्रकरणात मात्र मुखपट्टीच्या सक्तीने खासगीपणाच्या हक्काला बाध येतो, असे मत दिले. कायद्याच्या कसोटीवरही हा प्रश्न सरळ नव्हता, हे यावरून उघड होते.

समाजवाद्यांनी या प्रश्नाची टवाळी करण्याचे कारण नाही. साथीच्या नावाखाली राज्यसत्ता घरात शिरते तेव्हा काय घडते, हे महाराष्ट्राला कोणी शिकवावयास नको. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर माजघरापर्यंत गेले. त्याच वर्षी झालेला साथरोग कायदा स्वतंत्र भारतात २०२० साली पुन्हा वापरला गेला. शासनाला हात राखून वागावयास लावणारा नागरिक लोकशाहीला हवाच असतो. प्रश्न एवढाच की, सबातिनी आणि त्यांचे सहकारी ज्या हक्काची ग्वाही देत होते, तो हक्क त्यांच्या लेखी कोणाचा होता?

मुखपट्टी केवळ बांधणाऱ्यापुरती नसते. गल्ल्यामागे आठ तास उभी राहणारी विक्रेती दिवसभरात शेकडो अनोळखी माणसांच्या श्वासात वावरते. गिऱ्हाईक दहा मिनिटांत निघून जाते. तिला जाता येत नाही. त्या काळात फ्लॉरिडात बेकारीभत्ता आठवड्याला जास्तीत जास्त २७५ डॉलर होता. आजारपणाची पगारी रजा देणे मालकांवर बंधनकारक करणारा कायदा राज्यात नव्हता. एवढेच नव्हे, तर स्थानिक संस्थांनी तसे बंधन घालू नये, असा कायदा विधिमंडळाने २०१३ सालीच करून ठेवला होता. अंगात ताप असतानाही कामावर जायचे की त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडायचे, एवढीच काय ती तिची ‘वैयक्तिक निवड’. या निवडीसाठी खासगीपणाचे कलम घेऊन कोणीही आमदार न्यायालयाची पायरी चढल्याचे ऐकिवात नाही.

विधिमंडळाने काय केले, ते त्याच्या कायद्यांवरून पाहावे. २९ मार्च २०२१ रोजी राज्यपाल रॉन डिसँटिस यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याने करोनाबाधेसंबंधीच्या दाव्यांपासून व्यवसायांना मोठे संरक्षण दिले. दावा करणाऱ्याने डॉक्टरचे शपथपत्र आणावे, मालकाचा घोर निष्काळजीपणा सिद्ध करावा, आणि हे सारे एका वर्षाच्या मुदतीत करावे, अशा अटी त्यात होत्या. त्यानंतर पाचच आठवड्यांनी, ३ मे रोजी, दुसऱ्या कायद्यावर सही झाली. गिऱ्हाइकाकडे लसीचा दाखला मागणाऱ्या व्यवसायाला दर वेळेस पाच हजार डॉलरपर्यंत दंड त्यात ठेवला होता. नोव्हेंबरमध्ये खास अधिवेशन भरवून लसीची सक्ती करणाऱ्या खासगी मालकांवरही बंधने आली. मोठ्या आस्थापनांना पन्नास हजार डॉलरपर्यंत दंडाची तरतूद झाली.

यातील शेवटच्या दोन कायद्यांत तथ्याचा अंश आहे, हे मान्य केले पाहिजे. कामगाराच्या प्रकृतीची कागदपत्रे मालकाच्या कपाटात जमा होणे धोक्याचेच असते. पण या कायद्यांनी एक मोठा बहाणा कायमचा निकालात काढला. व्यवसायाच्या अंतर्गत व्यवहारात शासनाने ढवळाढवळ करू नये, हे मुक्त बाजारपेठेच्या पुरस्कर्त्यांचे आवडते सूत्र. फ्लॉरिडाच्या सत्ताधाऱ्यांनी ते स्वतःच्याच हातांनी मोडले. दाखला मागणाऱ्या मालकाचा हात धरणारे शासन, आजारी कामगाराचा पगार कापणाऱ्या मालकाचा हात धरू शकत नाही, असे यापुढे कोणत्या तोंडाने म्हणता येईल? प्रश्न सामर्थ्याचा नव्हता, इच्छेचा होता.

खासगीपणावरील या निष्ठेची खरी परीक्षा लवकरच झाली. १९८० च्या याच कलमाच्या आधारे फ्लॉरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली स्त्रीचा गर्भपाताचा हक्क मान्य केला होता. विधिमंडळाने २०२२ मध्ये पंधरा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदी घातली आणि २०२३ मध्ये ही मर्यादा सहा आठवड्यांवर आणली. १ एप्रिल २०२४ रोजी त्याच न्यायालयाने आपला जुना निर्णय रद्द केला. खासगीपणाच्या कलमात गर्भपाताचा हक्क येत नाही, असे ठरविले. ज्या राजकारणाला चेहऱ्यावरील वीतभर कापडात शासनाचा जुलूम दिसला, त्याच राजकारणाने स्त्रीच्या देहात शासनाला शिरू दिले. तत्त्व असते तर ते दोन्हीकडे सारखे लागू पडले असते.

अमेरिकेकडे बोट दाखवून भारताला निर्दोष ठरता येणार नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. तरीही १ मे २०२०च्या, म्हणजे कामगारदिनाच्या, आदेशात केंद्रीय गृहखात्याने सरकारी व खासगी सर्व नोकरदारांवर आरोग्य सेतू अॅपची सक्ती केली. ती पाळली जाते की नाही हे पाहण्याची जबाबदारी आस्थापनेच्या प्रमुखावर टाकली. पुढे १७ मे रोजी हा आग्रह सैल करण्यात आला. त्याच सुमारास गुजरात सरकारने कारखान्यांना बारा तासांचा दिवस आणि जादा कामाला दुप्पट दराऐवजी साधाच दर, अशी मोकळीक दिली. ती १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली. कामगाराच्या हालचालींवर नजर ठेवायची, आणि त्याच्या श्रमाचे मोल मात्र निम्मे करायचे! साथ ओसरली; ही वृत्ती ओसरलेली नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी स्वातंत्र्याचा शब्द प्रतिपक्षाच्या हाती सोडून देऊ नये. खासगीपणा हवाच, पण फ्लॉरिडाचे ते जुने कलम ‘नैसर्गिक व्यक्ती’चा उल्लेख करते, कंपनीचा नव्हे. देह असतो तो माणसाला. ताप येतो, धाप लागते, मूल होते तेही माणसालाच. त्या देहाचे रक्षण शासनाच्या दंडुक्यापासून करावयाचे, तसेच मालकाच्या हजेरीबुकापासूनही. पगारी आजाररजा, सुरक्षित कामाची जागा आणि प्रकृतीची माहिती गुप्त राखण्याचा हक्क या तिन्ही मागण्या एकाच सनदेवर लिहिल्या पाहिजेत. पुढची साथ येईल तेव्हा ही सनद तयार असावी. साथीच्या धामधुमीत ती लिहावयास सवड मिळत नाही.