दुभाषा कोणी व्हावे?

कर्करोगासाठी असलेले चिनी अक्षर मँडरिन भाषेत पूर्वी 'येन' असे उच्चारले जाई. दाह, सूज यांसाठी असलेला शब्दही 'येन'च! पोटाला नुसती सूज आहे की कर्करोग, हे कानांना उमजेना. शेवटी कर्करोगाचा उच्चार बदलून 'आय' करावा लागला. भाषेने आपली अडचण सोडवली. माणसांची मात्र अजून सुटलेली नाही.

ऑस्ट्रेलियाचेच पाहा. २०२१ च्या जनगणनेनुसार तेथे सुमारे ६ लाख ८५ हजार लोक घरी मँडरिन बोलतात आणि २ लाख ९५ हजार कँटनीज. लिहिलेले दोघांनाही बहुतांशी वाचता येते, पण एकाचे बोलणे दुसऱ्याला कळत नाही. तेव्हा 'चिनी दुभाषा बोलावला' एवढ्याने भागत नाही. दूरध्वनीवर दुभाषा मिळण्याची सरकारी सोय तेथे १९७३ पासून आहे. तरीही रुग्णाशेजारी दुभाषा म्हणून पुष्कळदा बसलेली असते ती पोटची मुलगी.

डॉक्टर सांगतात, "रोग यकृतात पसरला आहे." मुलगी आईकडे वळून म्हणते, "औषध बदलणार आहेत." ती खोटे बोलली काय? आपल्याकडेही आजीच्या आजाराचे नाव घरात कुजबुजतच घेतात, त्यामुळे तिला दोष देण्यास माझी जीभ रेटत नाही. लुलू वँग यांच्या 'द फेअरवेल' (२०१९) या चित्रपटात तर सारे कुटुंबच आजीपासून तिचा कर्करोग लपवते.

पण त्या मुलीचे काय? नोकरी, मुलांची शाळा, आईसाठी तांदळाची पेज, आणि वर हे गुपित! चीनमधल्या मावशीला फोनवर ती 'सारे ठीक' म्हणून सांगते. सिडनी-मेलबर्नला चिनी भाषांतून आधार देणाऱ्या संस्था आहेत. पण घरचे दुखणे परक्यापुढे कसे काढावे? शिवाय आईचा चिनी काढाही डॉक्टरांपासून लपवायचा, ते रागावतील म्हणून. वास्तविक चिनी वैद्यांची तेथे २०१२ पासून देशभर अधिकृत नोंदणी होते. काही वनस्पती कर्करोगावरील औषधांच्या कामात अडथळा आणतात, म्हणून डॉक्टरांनीच काढ्याबद्दल आपुलकीने विचारले पाहिजे.

कोणी म्हणेल, रुग्णाला सत्य कळलेच पाहिजे. मान्य, पण 'मला सांगू नका, मुलीला सांगा' असे म्हणण्याचा हक्कही त्याचाच नव्हे काय? माझा आक्षेप आहे तो हे त्याला न विचारताच ठरवण्याला. तपासण्यांचे निकाल येण्याआधीच, शिकलेल्या दुभाष्याकरवी, डॉक्टरांनी आईला विचारावे : किती ऐकायचे आहे, आणि कोणाच्या देखत? कदाचित आईला सारे केव्हाच कळून चुकलेले असेल आणि मुलीसाठी तीही सोंग करीत असेल. त्या वेळी मुलीने शेजारी नुसते बसावे. एकाही वाक्याचे भाषांतर तिच्या वाट्याला येऊ नये.