विश्लेषण : शंभराचं नाणं निघालं, मग ते आपल्या खिशात का येत नाही?

राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शताब्दीनिमित्त १ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते शंभर रुपयांचं नाणं आणि टपाल तिकीट प्रसिद्ध झालं. नाण्यावर भारतमातेची प्रतिमा आहे आणि भारतीय चलनावर ती पहिल्यांदाच आल्याचं पंतप्रधानांनी सांगितलं. समर्थकांना अभिमान वाटला, माकपने हा राज्यघटनेचा अपमान असल्याचं म्हटलं. या वादावर दोन्ही बाजूंनी भरपूर लिहून झालंय, त्यात मी भर घालत नाही.

मला त्या दिवसांत विचारला गेलेला प्रश्न वेगळाच होता. घरी आईने विचारला, सोसायटीच्या वॉचमनकाकांनी विचारला, भाईंदर स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्यानेही विचारला : हे नाणं बँकेत कधी मिळणार? उत्तर आहे, कधीच नाही. पण हे उत्तर लोकांपर्यंत पोहोचवायची तसदी कुणी घेत नाही, आणि त्याचा भुर्दंड भलत्याच माणसाला बसतो.

नाणं खरं, पण चलनात नाही

आज चलनासाठी काढली जाणारी नाणी म्हणजे ५० पैसे, १, २, ५, १० आणि २० रुपये. एवढीच. ६०, ७५, ९०, १००, १२५, ३५० रुपयांची जी नाणी अधूनमधून बातम्यांत दिसतात ती संग्राहकांसाठी असतात. सरकारी टांकसाळ ती पाडते, डबीत किंवा फोल्डरमध्ये घालते आणि दर्शनी किमतीपेक्षा कितीतरी जास्त पैसे घेऊन विकते. बँकेच्या काउंटरवर ती येत नाहीत.

हिशोब करून बघा. नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाला, म्हणजे २८ मे २०२३ रोजी, ७५ रुपयांचं नाणं निघालं. व्यास ४४ मिलिमीटर, वजन ३५ ग्रॅम, त्यात ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं आणि बाकी निकेल-जस्त. म्हणजे साडेसतरा ग्रॅम चांदी. तेव्हा चांदी किलोला सत्तर हजारांच्या वर होती, त्यामुळे नाण्यातली नुसती चांदीच बाराशे रुपयांच्या पुढे गेली. बाराशेची वस्तू ७५ रुपयांच्या भाजीसाठी कोण देईल? वजनाने ते दहाच्या साडेचार नाण्यांएवढं भरतं, खिशात घालून फिरायलाही ते बनवलेलं नाही.

यात गैर काही नाही. जगभर टांकसाळी असा धंदा करतात. गैर आहे ती बातमी. ‘शंभराचं नवं नाणं आलं’ असं शीर्षक दिलं की क्लिक मिळतात, आणि ते चलनात येणार नाही ही ओळ सातव्या परिच्छेदात जाते. हे मी दुसऱ्या कुणाबद्दल म्हणत नाही. अशी शीर्षकं मीही दिली आहेत.

आणि दहाचं?

आता उलटी गोष्ट. दहा रुपयांची बरीच नाणीही विशेष प्रसंगी काढलेलीच आहेत. होमी भाभांची जन्मशताब्दी, माता वैष्णोदेवी, कॉयर बोर्डाची ६० वर्षं, गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परतल्याची शंभर वर्षं, आंतरराष्ट्रीय योग दिवस, आणि २०१५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची १२५वी जयंती. ही सगळी खरोखर चलनात आली. पण ती आल्याचं रस्त्यावरच्या माणसाला कुणी सांगितलं नाही. त्याला एवढंच दिसलं की दहाचं नाणं दर वेळी वेगळं दिसतंय.

वेगळं दिसतं म्हणजे खोटं, एवढा निष्कर्ष काढायला वेळ लागत नाही. मग अफवा सुरू झाली : दहा रेषांचं नाणं खरं, पंधरा रेषांचं खोटं. रुपयाचं चिन्ह असलेलं खरं, नसलेलं खोटं. प्रत्यक्षात चिन्ह २०११ मध्ये आलं, त्याआधीच्या नाण्यांवर ते असणारच कसं? शेवटी १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावं लागलं की दहाच्या नाण्याचे १४ नमुने आहेत आणि चौदाही वैध आहेत. १४४४० हा टोल फ्री क्रमांकही दिला. चौदा! इंजिनीअरिंगला असताना एकाच भागाचे चौदा ड्रॉइंग काढून कारागिराला एकाचीही माहिती दिली नसती, तर आमच्या सरांनी सबमिशन फेकून दिलं असतं.

मध्यंतरी भाईंदर पश्चिमेला एका मासेवाल्या मावशींनी माझं दहाचं नाणं परत केलं. ‘हे नको रे बाबा, दुसरं दे, हे कुणी घेत नाही.’ हातात घेऊन पाहिलं तर त्यावर बाबासाहेबांचा चेहरा. मी त्यांना कायदा सांगायला लागलो. नाणे कायदा २०११ नुसार रुपया आणि त्यावरची नाणी एक हजार रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी वैध आहेत, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘मी घेईन, पण माझ्याकडून रिक्षावाला घेईल काय?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मावशींचं काहीच चुकलं नव्हतं. नाणं घ्यायचं की नाही हे त्यावर काय छापलंय यावरून ठरत नाही, पुढचा माणूस घेईल का यावरून ठरतं. साखळीतल्या एकाला शंका आली की दहा रुपये अडकतात ते तिच्याकडे, कारण तिचा सगळा धंदा सुट्ट्यावर चालतो. आपण मोबाइलवर कोड स्कॅन करून मोकळे होतो. नाणी बदलून देणं बँकेच्या शाखांना बंधनकारक आहे, हे खरं. पण सकाळची विक्री सोडून दहाच्या चार नाण्यांसाठी रांगेत कोण उभं राहणार?

डॉलरचंही हेच झालं

अमेरिकेने १९७९ मध्ये सुझन बी. अँथनी यांचं एक डॉलरचं नाणं काढलं. मताधिकारासाठी लढलेल्या बाईंचा चेहरा, हेतू उत्तम. पण आकार पंचवीस सेंटच्या नाण्याच्या इतका जवळ की लोक गल्लत करू लागले आणि नाणं पडलं. २००७ पासून राष्ट्राध्यक्षांच्या चेहऱ्यांची डॉलर नाणी आली. लोकांनी कागदी डॉलरच वापरला, मध्यवर्ती बँकेच्या तिजोऱ्यांत सुमारे १४० कोटी नाणी साठली, आणि डिसेंबर २०११ मध्ये चलनासाठी ती पाडणं थांबवावं लागलं. तेव्हापासून ती फक्त संग्राहकांपुरती निघू लागली.

आपल्याकडे मात्र जुना अनुभव चांगला आहे. १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या निधनानंतर निघालेली पन्नास पैशांची आणि एक रुपयाची नाणी लोकांनी सर्रास वापरली. १९९० मधला बाबासाहेबांचा रुपया, १९९९ मधलं छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं अनेक घरांत अजून जपून ठेवलेलं सापडेल. ते मिळवायला ऑनलाइन बुकिंग करावं लागलं नव्हतं. वाण्याने सुट्टे दिले, त्यात आलं.

मला तीच पद्धत बरी वाटते. एखाद्या व्यक्तीचा गौरव करायचा तर तिचं नाणं वडापावच्या गाडीवर फिरलं पाहिजे. चांदीचं संग्राहकांना जरूर विका, पण सोबत पाच-दहाचं साधं नाणंही काढा. नमुने कमी ठेवा आणि लोकांना आधी सांगा. ६ जून २०२२ रोजी स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवाचं बोधचिन्ह असलेली १ ते २० रुपयांची मालिका आली, तेव्हा हे बऱ्यापैकी जमलं होतं. ही स्मारक नाणी नाहीत, चलनात येणार आहेत, हे सरकारने पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं होतं. दृष्टिहीनांनाही ती ओळखता यावीत असा विचार होता. एवढी एक ओळ प्रत्येक नाण्यासोबत यायला काय हरकत आहे? आणि ती मीरा रोडच्या शेअर रिक्षाच्या रांगेत, मासळी बाजारात चित्रांसह लावली पाहिजे, नुसती संकेतस्थळावर टाकून भागत नाही.

माहिती नसली की तिची जागा भामटे घेतात. वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, या थापेला फसलेले लोक कमी नाहीत. जुनी नाणी विकून देतो म्हणत रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क, कमिशन आणि कर मागणाऱ्यांबद्दल बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये सावध केलं होतं. रिझर्व्ह बँक अशा व्यवहारात नाही आणि कुणाला तसा अधिकारही तिने दिलेला नाही. असा फोन आला तर सरळ ठेवून द्या.

मावशींना मी त्या दिवशी दहाची नोट दिली. बाबासाहेबांचं नाणं संध्याकाळी रेल्वेच्या तिकीट खिडकीवर दिलं. तिथल्या बाईंनी ते न बघताच गल्ल्यात टाकलं.