पाठ कोणी थोपटावी?

गेल्या दिवाळीत आम्ही ताईकडे कुंभार पिंपळगावला गेलो होतो. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातले हे गाव. समर्थ रामदासांचे जांब इथून जवळच. नरकचतुर्दशीच्या पहाटे ताई भाच्याच्या पाठीला तेल चोळीत होती आणि चिरंजीव पाटावर बसून मोबाइल न्याहाळीत होते.

"मामा, माझी अथॉरिटी फक्त चार आहे हो!" तो कुरकुरला.

"या घरात तुझ्या बापाची तेवढीसुद्धा नाही," ताई म्हणाली.

मग खुलासा झाला. भाच्याची मोसंबीची रोपवाटिका आहे. तिच्यासाठी त्याने संकेतस्थळ काढले. पण गूगलवर 'मोसंबीची रोपे' शोधावे, तर हे महाशय सातव्या पानावर! शहरातल्या एका गृहस्थाने त्याला फोनवर सांगितले होते, "पंधरा हजार भरा, महिन्यात चाराचे चाळीस करून देतो." बागेच्या उत्पन्नातले ते पैसे भाऊबीज उलटली की जायचे होते. ताईला पत्ता नव्हता.

वाचकहो, या चार-चाळिसाची कथा मौजेची आहे. १९९६ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी एक शोधयंत्र रचायला घेतले. त्याचे पहिले नाव 'बॅकरब', म्हणजे चक्क पाठ चोळणे! दोनच वर्षांनी त्यातून गूगल कंपनी उभी राहिली. कल्पना अशी, की एखाद्या पानाची पत त्याच्याकडे बाहेरून किती पाने बोट दाखवतात, म्हणजे दुवे देतात, यावर ठरवायची. पण नुसती डोकी मोजायची नाहीत. बोट दाखवणाऱ्याची पत मोठी, तर त्याच्या शब्दाला वजन अधिक. आणि त्याने पन्नास जणांची शिफारस केली असेल, तर ते वजन पन्नास जागी वाटले जायचे.

आपण स्थळाची चौकशी दुसरी कशी करतो? मुलाच्या मामाने केलेली स्तुती कोणी हिशेबात धरीत नाही. पण ज्या हेडमास्तरांनी उभ्या आयुष्यात दोघातिघांनाच चांगले म्हटले, त्यांचा एक शब्द पुरतो.

गूगल ही पत आता कोणाला दाखवीत नाही. पूर्वी शून्य ते दहा असा एक गुण दिसे. तोही २०१६ साली बंद झाला. आता मॉझ, एचरेफ्स यांसारख्या खाजगी कंपन्या आपापल्या अंदाजाने शंभरांपैकी गुण देतात. भाच्याचे 'चार' हे त्यातले. गूगल हा गुण वापरीत नाही, हे मॉझ स्वतःच सांगते! शिवाय ही शिडी वर जाता जाता अवघड होते. विसाचे तीस करणे सोपे, सत्तराचे ऐंशी करणे महाकठीण. म्हणून आपला गुण आपल्याच धंद्यातल्या शेजाऱ्यांशी ताडून पाहावा, एवढाच त्याचा उपयोग.

"अरे, तुझ्या गावाच्या नावातच कुंभार आहे," आम्ही भाच्याला म्हटले. "मडकेसुद्धा आपण वाजवून घेतो. विचार त्याला, दुवे कोणाचे देणार?"

त्याने विचारले. यादी आली. एक संकेतस्थळ जुगाराचे, एक टकलावरच्या औषधाचे, बाकीची कसलीच नव्हेत. अशा विकतच्या शिफारशी करणाऱ्यांना गूगलने एप्रिल २०१२ मध्ये 'पेंग्विन' नावाचा नवा नियम लावून खाली ढकलले होते, हेही आम्ही त्याच्या कानावर घातले. भाचा गप्प झाला. ताई मात्र बोलली.

"स्वतःची पाठ स्वतःला चोळता येत नाही, म्हणून भाड्याची माणसं लावायची का रे?"

पंधरा हजार वाचले. भाच्याने त्या हिवाळ्यात स्वतःला जे येते ते लिहून काढले : रंगपूर लिंबाच्या खुंटावर मोसंबीचा डोळा कसा भरायचा, आंबे बहारासाठी बागेला ताण किती द्यायचा, आपली पहिली शंभर रोपे कशामुळे मेली. शेतीच्या एका प्राध्यापकांनी ते वाचून आपल्या पानावर त्याचा दुवा दिला. पाठोपाठ दोन शेतकरी गटांनी दिला.

परवा त्याचा फोन आला. "मामा, नऊ झाली!"

"आणि रोपे?"

"पुढच्या हंगामाची नोंदणी सुरू झालीय. लोक विचारतात, ती मेलेल्या रोपांची गोष्ट लिहिणारे तुम्हीच का?"

मागून ताईचा आवाज आला, "त्याला सांग, औंदा पाटावर बसताना मोबाइल बाहेर ठेव म्हणावं!"