पाठच्या भावंडाचे देणे

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतील एका भगिनीबरोबर आम्ही इस्पितळात गेलो होतो. तिच्या थोरल्या मुलाला ब्लड कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, धाकट्या दोघांचे रक्त तपासू, जुळले तर त्यातल्या एकाचा बोन मॅरो याला देऊ. बाहेर येताच बाईंनी आमचा हात धरला. “दादा, एक आजारी हाय. धडधाकट पोराला बी चाकू लावू का?”

आम्ही पडलो बी.कॉम. कारकून. जमाखर्च कळतो, हाडातले काय कळणार? म्हणून चार ठिकाणी विचारले, वाचले. त्यात डॉ. सुरेश अडवाणी यांची हकीकत सापडली.

अडवाणींचा जन्म १९४७ चा, कराचीचा. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आले. आठव्या वर्षी पोलिओने पाय गेले. चाकाच्या खुर्चीतला मुलगा डॉक्टर कसा होणार, म्हणून वैद्यकीय प्रवेशाला आधी नकार मिळाला. ते हटले नाहीत. ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले, परळच्या टाटा हॉस्पिटलात कर्करोगाच्या रुग्णांवर उपचार करू लागले आणि बोन मॅरोचे काम शिकायला अमेरिकेत सिअ‍ॅटलला डॉ. डॉनल थॉमस यांच्याकडे गेले.

हे थॉमसही चिवटच. १९५७ साली त्यांनी सहा रुग्णांची माहिती छापली. त्यातला एकही फार दिवस जगला नाही. बहुतेकांनी नाद सोडला. हे मात्र कुत्र्यांवर प्रयोग करीत राहिले. १९७७ साली त्यांनी शंभर रुग्णांचा हिशेब मांडला. सारे शेवटच्या अवस्थेतले. तेरा जगले! आमच्या खातेवहीत शंभरात तेरा म्हणजे तोटाच. पण ते शंभरही जाणारच होते, हे ध्यानात घ्या. पुढे आजार आटोक्यात असतानाच रोपण होऊ लागले, तेव्हा वाचणारे वाढले. १९९० साली थॉमस यांना नोबेल मिळाले.

अडवाणी ती विद्या घेऊन परतले. १९८३ साली टाटामध्ये त्यांनी नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाचा मॅरो दिला. भारतातले हे पहिले यशस्वी रोपण मानतात.

आता बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. मॅरो म्हणजे हाडाच्या पोकळीतला मऊ गर. रक्त तिथेच तयार होते. जबर औषधांनी रुग्णाचा बिघडलेला गर मारतात, मग भावंडाचा गर बाटलीतल्या रक्तासारखा शिरेतून सोडतात. त्यातल्या मूळपेशी आपला रस्ता धरून हाडात जातात आणि दोन-तीन आठवड्यांत नवे रक्त बनवू लागतात. सख्ख्या भावंडाचे पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. धोका आहे, तो घेणाऱ्याला. परक्या पेशी कधी त्याच्याच अंगावर उलटतात. देणाऱ्याचा गर भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईने काढतात. चाकू नाही. कंबर काही दिवस दुखते, गर काही आठवड्यांत भरून येतो. हल्ली पुष्कळदा इंजेक्शने देऊन दंडाच्या रक्तातूनच पेशी गोळा करतात.

खर्च मोठा, त्यावर पुन्हा लिहू. तूर्त एवढेच की, इस्पितळाच्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जाऊन बसा.

आम्ही हे सारे बाईंना सांगितले. तपासणी झाली. मधल्याचे जुळले नाही, धाकटीचे जुळले. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग डॉक्टरांना विचारले, “हिला शाळेत कवा धाडू?”

“आठवडाभरात.”